घोड्याला कड्या नसतात

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडले की डाव्या हाताचे तिसरे दार प्रयोगशाळेचे. शस्त्रक्रियेत शरीरातून काढलेला कोणताही तुकडा, मग तो तिळाएवढा असो की तळहाताएवढा, या दारातून आत जातो. दोन-तीन दिवसांनी तो काचेच्या पट्टीवर चिकटून, रंग लेवून, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ होऊन डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येतो. मधले सगळे काम करणाऱ्या बाईंना इस्पितळात चांदीबाई म्हणतात.

हे नाव दागिन्यांवरून पडलेले नाही. बाई कामावर येताना अंगावर घड्याळाशिवाय काही घालत नाहीत. पण एक रंग असा आहे की तो चांदीच्या क्षारापासून करावा लागतो, आणि ज्यांनी तो शिकवला ते सोडले तर एकतीस वर्षांत या इमारतीत त्यांच्याशिवाय कोणाला साधलेला नाही. त्या चांदीने त्यांच्या बोटांची टोके कायमची काळपट झाली आहेत. त्यांचे यजमान शिंपी आहेत. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "लोकांची चांदी होते. आमच्याकडे नुसती बोटं काळी होतात."

बाई विसाव्या वर्षी तिथे बाटल्या धुवायला लागल्या. तेव्हाच्या तंत्रज्ञांना सगळे गुरुजी म्हणत, कारण सांगितलेली गोष्ट ते समोरच्याकडून तीनदा म्हणवून घेत. बाटल्या धुणारी ही मुलगी एकही बाटली ठिपका ठेवून परत करत नाही, हे त्यांनी वर्षभर पाहिले आणि एके दिवशी तिच्या हातात थेंबनळी दिली.

"चांदीच्या पाण्यात अमोनिया सोडायचा, थेंबाथेंबानं. आधी गढूळ होईल. घाबरायचं नाही. मग निवळायला लागेल. तिथं थांबायचं. एक थेंब पुढं गेलीस तर दिवस फुकट. काय करायचं?"

"निवळायला लागलं की थांबायचं."

"परत म्हण."

तीनदा म्हणवून घेतल्यावर गुरुजींनी तिला पहिली काच दाखवली. ती प्लीहेची होती, घरात जिला पाणथरी म्हणतात तिची. साध्या रंगात पाणथरी म्हणजे नुसती पेशींची गर्दी. लाल रान आणि त्यात मधे मधे जांभळे ठिपके. चांदीच्या रंगात ती गर्दी फिकट होऊन मागे सरते आणि जिच्यावर ती उभी असते ती काळी जाळी पुढे येते. बाहेरून एक पातळ कवच. त्या कवचातून आत शिरलेल्या बारीक तुळया. तुळयांच्या मधल्या जागेत केसाहून बारीक तंतूंचे जाळे, त्यातून रक्त गाळून जाते.

"डॉक्टर लोक कशिदा बघतात," गुरुजी म्हणाले. "आपण कापड दाखवायचं. कशिदा कितीही बिघडलेला असू दे, कापड ठीक आहे का, हे चांदी सांगते."

घरी आल्यावर तिने हे नव्या नवऱ्याला सांगितले, तेव्हा तो सुई थांबवून म्हणाला, "तुझे गुरुजी आमच्यातले दिसतात."

त्या जाळ्यात गुरुजींनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली होती. माणसाच्या पाणथरीत रक्ताच्या लहान पोकळ वाटा असतात. त्यांच्या भिंती पिंपासारख्या: उभ्या फळ्या शेजारी शेजारी लावाव्यात तशा लांबट पेशी, आणि त्या सुटू नयेत म्हणून बाहेरून पट्ट्या ठोकाव्यात तसे तंतूंचे गोल वेढे. वाट उभी कापली गेली की ते वेढे शिडीच्या पायऱ्यांसारखे ओळीने दिसतात. गुरुजी त्यांना कड्या म्हणत. बाईही कड्याच म्हणतात, आणि शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनाही तोच शब्द तोंडी बसतो.

चांदीचा रंग मोठा लहरी. जाळी दिसली नाही, तर ती मुळातच नव्हती की रंग फसला, हे कसे कळणार? म्हणून प्रत्येक वेळी पेशंटच्या काचेबरोबर एक खात्रीची काच रंगवायची. तिच्यात तंतू भरपूर आहेत हे आधीच ठाऊक असते. ते काळे आले की रंग बरोबर. गुरुजींनी यासाठी पशुवैद्यकीय कॉलेजातून एका म्हाताऱ्या घोड्याची पाणथरी आणली होती आणि तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून ठेवले होते. घोडा पळायला लागला की त्याची पाणथरी मुठीसारखी आवळते आणि साठवलेले रक्त अंगात सोडते. आवळायचे म्हणजे स्नायू हवेत. त्यामुळे तिचे कवच जाड, तुळया जाड, जाळी दाट. "एवढ्या तुळया आणि चांदी चढली नाही, तर चूक घोड्याची नव्हे, आपली," असे गुरुजी सांगत.

बाई फुरसतीच्या दिवशी घोड्याच्या वीस काचा एकदम कापून डबीत भरत आणि प्रत्येकीच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीने फक्त 'घो' लिहीत. पेशंटच्या काचेवर एरवी पूर्ण नंबर असे. पण चांदीला पेशंटची एकच काच असली, तर बाई तिच्यावरही आडनावाचे पहिले अक्षर तेवढे टाकत. रंगाच्या बरणीत बाजूबाजूला दोनच काचा. एक घो, दुसरी क नाहीतर दे नाहीतर मा. नंबरचे कागदी लेबल शेवटी लागायचेच. गुरुजींनी ही सवय लावली नव्हती. ती बाईंची स्वतःची होती, आणि एकतीस वर्षांत तिने कधी दगा दिला नव्हता.

इस्पितळात एक लिफ्टमन होता. दार उघडले की तो विचारी, "वर की खाली?" तळमजल्यावरही तो हेच विचारी. तळघर बंद होऊन बारा वर्षे झाली होती, तरी. त्यामुळे त्याचे नावच वरखाली पडले. बाईंशी त्याचे रोजचे ठरलेले बोलणे होते.

"वर की खाली, बाई?"

"तू नेशील तिकडं."

"मग वरच. खाली जायला बराच वेळ आहे आपल्याला."

एका सकाळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक पेशंट होता, म्हणून वरखाली वरच्या दारातून चढून बाहेर यायला गेला आणि चार फुटांवरून डाव्या कुशीवर पडला. पडणे काही फार मोठे नव्हते. तरी पोट दुखायला लागले, चेहरा पांढरा पडला आणि तासाभरात त्याला शस्त्रक्रियेला घेतले. पाणथरी फाटली होती. ती काढली आणि जीव वाचला.

काढलेली पाणथरी नेहमीच्या वाटेने चांदीबाईंच्या टेबलावर आली. तराजूवर ती असायला हवी त्याहून थोडी जड भरली. नवे डॉक्टर चार महिन्यांपूर्वीच रुजू झाले होते, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या मॅडम महिनाभर रजेवर असल्याने सगळा भार त्यांच्यावर होता. त्यांनी साध्या रंगाची काच पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "यात तर काही दिसत नाही. पण एवढ्याशा पडण्यानं फुटली, जडही आहे. आत काही आजार तर नव्हता? बाई, एक चांदी करा."

वरखालीचे आडनाव घो वरूनच सुरू होत होते. बाईंनी काच कापली, सवयीने पेन्सिलीने 'घो' लिहिले, डबीतून कित्येक आठवड्यांपूर्वी 'घो' लिहिलेली खात्रीची काच काढली आणि दोन्ही बरणीत सोडल्या. डावीकडे घोडा, उजवीकडे पेशंट. बाहेर काढल्यावर तबकात वर घोडा, खाली पेशंट. हाही नेहमीचा क्रम. तेवढ्यात शस्त्रक्रियागृहातून फोन आला आणि त्या बोलायला गेल्या.

नोंदवही सांभाळणारे आणि लेबले चिकटवणारे कारकून होते बारीकराव. देहाने चांगले भरदार. पण अक्षर इतके बारीक की ते वाचायलाही सूक्ष्मदर्शक लागतो, असे लोक म्हणत. खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून त्यांनी तबक उचलून तिकडे नेले. नेताना ते उलटे फिरले. वरची काच खाली आली, खालची वर गेली. दोन्हीवर घो. बारीकरावांनी नेहमीप्रमाणे वरच्या काचेला 'खात्री' आणि खालच्या काचेला पेशंटच्या नंबरचे लेबल लावले.

बाई परत आल्या. खात्रीच्या काचेवरून नजर टाकल्याशिवाय त्या काच पुढे पाठवत नसत. त्यांनी डोळा लावला. तंतू काळेभोर, मागची जमीन स्वच्छ.

"आज घोडा काय देखणा आलाय!" त्या म्हणाल्या.

"फार बघू नका," बारीकराव म्हणाले. "खिंकाळेल."

काचा डॉक्टरांकडे गेल्या.

चारच्या सुमारास डॉक्टरांनी बाईंना बोलावले. खात्रीची काच टेबलाच्या कडेला तशीच पडली होती. डॉक्टर दुसऱ्या काचेवर वाकलेले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"रंग उत्तम झालाय, बाई. पण बातमी वाईट आहे. तुळया बघा केवढ्या जाड आहेत. कवच जाड, जाळी दाट. तंतू बेसुमार वाढलेत. हे पाणथरीपुरतं नसणार, रक्ताचा आजार असणार. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासावी लागेल. ते इथं होत नाही, त्यांना बाहेरगावी पाठवावं लागेल."

बाईंनी बसून पाहण्याऐवजी उभ्यानेच एकदा डोळा लावला. जाड तुळया त्यांनाही दिसल्या. लेबलावर नंबर होता. नंबर वरखालीचा होता. पुढचे त्यांना काही दिसले नाही.

"त्याला सांगितलंत?"

"त्याला नाही. बायकोला कल्पना दिली आहे. रिपोर्ट उद्या दुपारी टाइप करून देतो."

बाहेर बाकावर वरखालीची बायको मांडीवर फाइल घेऊन बसली होती. बाईंना पाहताच उठली. "ताई, तुम्ही रोज हेच बघता ना? डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडात सुई घालणार. हाड तर कधी दुखलं नाही हो यांचं. नुसते पडले होते."

"उद्या दुपारपर्यंत थांब," एवढेच बाई म्हणाल्या आणि लिफ्ट सोडून जिन्याने खाली उतरल्या.

घरी आल्या तेव्हा यजमान एका कोटावर वाकून स्वतःशीच पुटपुटत होते. एक गिऱ्हाईक दुपारी तो टाकून गेले होते. तुम्हीच शिवलात, वर्षभरात शिवण उसवली, आता दुरुस्त करून द्या, असे त्याचे म्हणणे.

"कापड माझ्याच दुकानातलं, रंग तोच, गुंड्यासुद्धा त्याच," यजमान म्हणाले. "मीही धरून चाललो होतो की माझाच. पण आता आतून बघ." त्यांनी कोट उलटा केला. "अस्तराला हा असा तिरपा टाका मी जन्मात घातला नाही. माझा टाका इथं आडवा असतो, शिडीसारखा. हा कोट माझा नाहीच."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "काय म्हणालात?"

"कोट माझा नाही म्हणालो."

"टाका कसा असतो म्हणालात?"

"शिडीसारखा. का गं?"

बाई खाली बसल्या. घोडा देखणा का वाटला होता? तंतू काळे आले म्हणून? ते तर दर वेळी येतात. देखणा वाटला, कारण सगळीकडे शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या. कड्या. एकामागून एक, स्वच्छ, ओळीने.

आणि घोड्याला कड्या नसतात. हे त्यांनी स्वतः किती जणांना शिकवले होते!

"अगं, चेहरा असा काय झाला? ताप आहे का?"

"मी माझ्या हातानं..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी सगळे सांगितले, दोन घो, फोन, तबक, आणि बाकावरची बाई.

यजमानांनी मधे एकदाही तोंड घातले नाही, हे त्यांच्या बाबतीत नवलच. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुझी चूक निघाली तर तो माणूस चांगला, आणि तुझी चूक नसेल तर आजारी?"

"हो."

"मग चूकच असू दे बाई. देवा, चूकच असू दे."

दुसऱ्या दिवशी फरशी पुसणाऱ्या बायका अजून जिन्यात होत्या, तेव्हा बाईंनी प्रयोगशाळेचे कुलूप काढले. डॉक्टरांच्या टेबलावरून दोन्ही काचा आणल्या. आधी 'खात्री'. या वेळी नीट बसून, चष्मा पुसून. बारीक तुळया, पातळ कवच, आणि कड्या. मग वरखालीच्या नंबरची काच. जाड तुळया, दाट जाळी. बाईंनी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत इंच इंच फिरवली. एकही कडी नाही.

तरी मनाची खात्री होईना. त्यांनी मेणाचे दोन्ही ठोकळे, घोड्याचा आणि वरखालीचा, काढले आणि उजेडात काचेशेजारी धरले. घोड्याच्या ठोकळ्यातल्या तुकड्याला एका बाजूला चिमटा घेतल्यासारखी खाच होती. तीच खाच पेशंटच्या लेबलाच्या काचेवर होती. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. एवढी लाज आणि एवढा आनंद त्यांना एकाच वेळी कधी वाटला नव्हता.

बारीकराव आले. सगळे ऐकून म्हणाले, "तबक मी फिरवलं. माझं नाव सांगा."

"तबक कोणीही फिरवेल. घो आणि घो मी लिहिलं. मीच सांगणार."

डॉक्टर आल्या आल्या बाईंनी काचा पुढे ठेवल्या आणि आडवळण न घेता सांगितले. "काल तुम्ही पाहिला तो वरखाली नव्हता. तो घोडा होता. चूक माझी आहे."

दोन डोळेजोड्यांच्या सूक्ष्मदर्शकावर एका बाजूला डॉक्टर बसले, समोर बाई. "कड्या दाखवा," ते म्हणाले. बाईंनी एका काचेत दाखवल्या आणि दुसऱ्या काचेत नसलेल्या दाखवल्या. खाच दाखवली. बराच वेळ दोघे वाकलेले होते.

"शिकताना शंभर वेळा वाचलं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "माणसाच्या पाणथरीत कड्या असतात. काल मी त्या शोधल्याच नाहीत. जाडी दिसली आणि थांबलो. साध्या रंगात काही नव्हतं, तेव्हाच शंका यायला हवी होती." मग मान वर करून, "पण आता नुसत्या तर्कावर मी रिपोर्ट देणार नाही. पुन्हा कापा. माझ्यासमोर."

"तेच म्हणणार होते."

बाईंनी वरखालीचा ठोकळा यंत्राला लावला. मेणाची पातळ फीत सुटली, कोमट पाण्यावर पसरली. काचेवर उचलायच्या आधी त्यांनी पेन्सिलीने पूर्ण नंबर लिहिला, पूर्ण आडनाव लिहिले, आणि दुसरीवर तीन अक्षरी 'घोड्याची' एवढे मोठे की टोक भरून गेले. डॉक्टर बाजूला उभे राहून प्रत्येक पायरी बघत होते. अमोनियाचे थेंब पडू लागले. पाणी गढूळ झाले. निवळायला लागले. बाई थांबल्या.

दुपारी एकच्या आत नवी काच तयार झाली. डॉक्टरांनी आधी नंबर मोठ्याने वाचला, मग डोळा लावला.

"कड्या," ते म्हणाले. पुढे थोड्या वेळाने, "कड्याच कड्या. तुळया बारीक. जाळी अगदी जशी असावी तशी. तंतू वाढलेले नाहीत. बाई, हा माणूस ठणठणीत आहे."

"मग जड का भरली?"

"रक्तानं. फाटली होती, आत रक्त साकळलं होतं." ते खुर्चीत मागे रेलले. चार महिन्यांत पहिल्यांदाच बाईंनी त्यांना हसताना पाहिले. "चला. त्यांच्या बायकोला मीच सांगतो. काल घाई मीच केली."

"दोघं जाऊ," बाई म्हणाल्या.

बाकावरची बाई दोघांना एकदम येताना पाहून उठून उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितले की आजार नाही, सुई नाही, बाहेरगावी जायचे नाही. तिला ते पटेना. काल एक, आज दुसरे, खरे कोणते? तेव्हा चांदीबाईंनी तिचा हात धरून सगळे सांगितले, अगदी दोन घो पासून. "माझ्या हातून झालं. कालची तुझी रात्र माझ्यामुळं गेली. तुला रागवायचा हक्क आहे."

ती बाई म्हणाली, "म्हणजे यांच्या नावावर घोडा होता?"

"हो."

"घोडा?" तिला आधी हसू आले की रडू, हे सांगता येणार नाही. ती बाकावर बसली आणि फाइलमध्ये तोंड लपवून दोन्ही एकदम करू लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "रागवते हो ताई. उद्या रागवते. आज राहू द्या."

वरखालीला ते खाटेवर कळले. टाके दुखतील म्हणून त्याला हसायला मनाई होती. तो छताकडे बघत म्हणाला, "तरीच. तीन दिवस नर्स म्हणतायत, चाला, चाला. मला पळावंसं वाटत होतं."

संध्याकाळी बाईंनी डबीतल्या उरलेल्या सतरा काचा बाहेर काढल्या. 'घो' पुढे 'ड्याची' लिहिताना एक काच संपवायला त्यांना दोन मिनिटे लागत होती. बारीकराव म्हणाले, "द्या इकडं, मी लिहितो." बाई म्हणाल्या, "नको. तुम्ही लिहिलंत तर वाचायला पुन्हा मलाच बसावं लागेल." सतराही काचा त्यांनी स्वतः पुऱ्या केल्या. मग झालेल्या चुकीची नोंद वहीत, स्वतःच्या नावानिशी, केली.

पाच आठवड्यांनी एका सकाळी लिफ्टचे दार उघडले. आत स्टुलावर वरखाली बसला होता, थोडा वाळलेला, शर्ट सैल झालेला. शर्ट आवळून द्यायचे काम बाईंच्या यजमानांकडे गेले होते आणि ते अजून झाले नव्हते. आत आणखी चार माणसे होती.

"जरा सरका, बाईंना जागा द्या," तो त्यांना म्हणाला. "मी घोडा झालो होतो. यांनी मला परत माणसात आणलं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि सरकले.

"वर की खाली, बाई?"

"तू नेशील तिकडं."

"मग वरच," वरखाली म्हणाला आणि बटण दाबले.